फाईलवर विषय लिहावा

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे. कुणी वाचावी अशी अजिबात इच्छा नाही. तरी अक्षर सुवाच्य ठेवतो आहे, उगाच पुढे कुणाची गैरसोय नको.

निवृत्त होऊन चार महिने झाले. बत्तीस वर्षं आवक-जावक विभाग सांभाळला. एकही पत्र गहाळ झालं नाही. (दोन झाली, पण ती माझ्या रजेत.) आता पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत उतरलो आहे. अकरा तासांचा ऑनलाईन कोर्स मी दीडपट वेगाने बघून साडेसात तासांत संपवला. सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. हिने विचारलं की तिथलं घड्याळ कुठे गेलं. ज्ञानाला जागा करून द्यावी लागते, असं सांगितलं. घड्याळ आता फ्रिजवर आहे.

दुपारी १.
खाली लिफ्टजवळ सूचना लावली. 'पायथन : नवशिक्यांच्या सर्व अडचणी सोडवून मिळतील. शनिवारी ४ ते ६. विनामूल्य.' ही म्हणाली की 'सर्व' खोडा. खोडलं नाही. शब्द मागे घेणं माझ्या स्वभावात नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.३०.
दोन विद्यार्थी आले. सुरुवातीला थोडकेच बरे.

पहिली, तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर. हॉस्पिटलात नर्स आहे, अकरा वर्षं पाळ्या करून गुडघे गेलेत. मुलगी दुसरीत, तिला धड जागी भेटतही नाही म्हणे. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात दिवसपाळीची एक जागा निघाली आहे. १९ मार्चला परीक्षा, कॉम्प्युटरवर, पायथनमध्ये. ही संधी हुकली तर पुढली केव्हा, ते कुणालाच माहीत नाही. तिने सरळ विचारलं, काका, मला जमेल ना? मी म्हणालो, शंभर टक्के, माझा शब्द. आणि 'सर' म्हटलेलं बरं, वर्गात शिस्त राहते. ती म्हणाली, बरं काका.

दुसरे, तळमजल्यावरचे निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांना नातीसाठी 'ओळख पाहू आकडा' असा खेळ करायचा आहे. उद्दिष्ट क्षुल्लक, पण मी भेदभाव करत नाही.

माझे नियम सांगितले. एक, फाईलवर विषय लिहावा. ज्या विषयाचा प्रोग्रॅम, त्या विषयाचं नाव. बत्तीस वर्षांचा अनुभव आहे, विषय नसलेली फाईल म्हणजे बेवारस फाईल. दोन, चूक झाली की स्क्रीनवर लाल अक्षरं येतात, ती वाचायची नाहीत. माणूस खचतो. मी ताबडतोब स्क्रीन पुसत जाईन. तीन, सगळ्यांच्या फायली माझ्याच कॉम्प्युटरवर, एकाच फोल्डरमध्ये. एक छत, एक कुटुंब.

ड्रायव्हर म्हणाले की गाडीत लाल दिवा लागला तर आम्ही बघायचो. मी म्हणालो, ही गाडी नव्हे.

१५ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ६.
ड्रायव्हरांनी दोन फेऱ्यांच्या प्रवाशांची बेरीज केली. वीस आणि तीस. उत्तर आलं २०३०. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी शांतपणे म्हणालो की हा पुढच्या काळाचा अंदाज असावा. मग तातडीने बाथरूमला जावं लागलं. पुस्तक बरोबर नेलं होतं. कीबोर्डवरून आलेला आकडा पायथनला अक्षरांसारखा वाटतो, म्हणून तो बेरीज न करता नुसता शेजारी चिकटवतो. आधी त्याला 'हा आकडा आहे' असं बजावावं लागतं. बाहेर येऊन हेच सांगितलं, जणू आत्ताच आठवलं. सिस्टर म्हणाली की काका, तुमच्या शर्टाच्या बाहीला पुस्तकाच्या पानाचा कोपरा चिकटलाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
आज ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडायची, हा विषय. चार स्पेस. मी सांगितलं की मनाला येईल तेवढी सोडा, सरकारी पत्रातही समास कमी-जास्त होतो. पायथनला चाललं नाही. सिस्टरनेच सगळ्या ओळी बोटाने मोजून चार-चार केल्या. चाललं. इंजेक्शनची मात्रा मोजायची सवय आहे म्हणे. माझं शिकवणं रुजायला लागलं आहे.

आमच्या मुलीचा फोन आला होता. ती ह्याच कामाचा पगार घेते. ती म्हणाली की बाबा, काही अडलं तर सांगा. मी म्हणालो, तुला काही अडलं तर तू सांग.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.
किरकोळ तांत्रिक बिघाड.

सिस्टरचा सरावाचा प्रश्न : पाचशे रुग्णांच्या फायलींतून तपासणीसाठी कुठल्याही दहा निवडा. त्यासाठी पायथनकडे रँडम नावाचं तयार अवजार आहे. ते आकडे कसेही उचलून देतं. मी फाईल उघडून दिली आणि नियमाप्रमाणे नाव टाकायला लावलं. विषय रँडम, नाव रँडम.

लाल अक्षरं. पुसली. पुन्हा टाईप केलं. लाल अक्षरं. पुसली. सिस्टर म्हणाली की एकदा वाचू का? मी म्हणालो, खचशील. चार वेळा टाईप केलं, चारही वेळा तेच. वीजपुरवठा कमी-जास्त होत असावा.

२ मार्च, रविवार. सकाळी १०.
कीबोर्ड उलटा करून झटकला. बिस्किटाचा चुरा, एक टाचणी आणि हिचं हरवलेलं कानातलं निघालं. कानातलं सापडल्याने ही खूश. बिघाड तसाच.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.१५.
आज जे घडलं ते मी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता.

ड्रायव्हरांनी त्यांचा खेळ लिहिला. त्यातही रँडम लागतं, पण नाव वेगळं दिलं होतं, 'खेळ'. चालवला. खेळाने विचारलं, 'एकूण रुग्णांच्या फायली किती?' ड्रायव्हर खुर्चीतून उठले. म्हणाले की साहेब, माझ्या नातीच्या खेळात दवाखाना कुठून आला? मी सिस्टरकडे बघितलं, सिस्टरने माझ्याकडे. मग लाल अक्षरं.

मी जाहीर केलं की व्हायरस आहे. सिस्टर म्हणाली की अकरा दिवस राहिलेत, काका. मी म्हणालो, माझा शब्द आहे ना? पर्स आवरताना तिने डोळे पुसले. दारात म्हणाली की बहुतेक आपला पिंडच नाही हा, सोमवारी अर्ज मागे घेते.

माझ्यामुळे कुणी अर्ज मागे घ्यावा, हे मला सहन होत नाही. अर्थात दोष व्हायरसचा आहे.

९ मार्च, रविवार.
सकाळी ६ ते संध्याकाळी ५. कॉम्प्युटर पूर्ण पुसून नवा केला. विद्यार्थ्यांचा फोल्डर मात्र आधी पेनड्राईव्हवर जपून ठेवला होता. शेवटी तो जशाच्या तसा परत टाकला. एकही फाईल गहाळ नाही.

चालवून बघितलं. बिघाडही गहाळ नाही.

१० मार्च, सोमवार. दुपारी १२.
मुलीला सहज फोन केला. सहजच विषय निघाला. तिने विचारलं की एररची शेवटची ओळ काय आहे? मी म्हणालो की आम्ही वाचत नाही, आमची पद्धत वेगळी आहे. मग फोटो पाठवा म्हणाली. मी म्हणालो कॅमेरा बिघडलाय. ती म्हणाली की बाबा, तुम्ही व्हिडिओ कॉलवर आहात.

तिसऱ्या मजल्यावर जाऊन आलो. हीच आधी गेली होती म्हणे, आणि सिस्टरला अर्ज मागे घेऊ दिला नाही. माझं काम हलकं झालं. गुरुवारी जादा वर्ग ठेवला.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी ४.३०.
सिस्टर ड्यूटीवरून परस्पर आली, युनिफॉर्ममध्येच. मी पाचव्यांदा टाईप करायला सांगितलं. लाल अक्षरं आली. मी पुसणार इतक्यात हिने माझ्या हातात चहाचा कप दिला. गरम होता. कप ठेवायला जागा शोधत होतो, तेवढ्यात हिने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. हिला जे दिसेल ते वाचायची खोड आहे. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, साबणाचं वेष्टन, लग्नपत्रिकेवरचं प्रेसचं नाव.

सगळ्यात खालची ओळ वाचली आणि म्हणाली की अहो, यात तर सांगितलंय, तुमच्या फाईलचं नाव बदला. पायथनच्या अवजाराचं आणि सिस्टरच्या फाईलचं नाव एकच झालंय.

सिस्टरने खुर्ची पुढे ओढली. दोघींनी एकेक शब्द लावत ओळ पूर्ण वाचली. ही म्हणाली, सोपं आहे. एका घरात दोघांचं नाव एकच असलं आणि हाक मारली, तर जवळचा असतो तोच ओ देतो. पायथन रँडमला हाक मारतोय, आणि शेजारी बसलेली तुझी फाईल 'ओ' म्हणतेय. ड्रायव्हरांच्या खेळातला दवाखानाही तिथूनच आला.

सिस्टरने नाव बदललं, 'निवड'. दहा आकडे आले. तिने उठून हिला मिठी मारली. माझा चहा सांडला. मी म्हणालो की मी हेच सांगणार होतो. हिने माझ्या हातात फडकं दिलं.

संध्याकाळी ७.
एकटाच मशीनसमोर बसलो आहे. बत्तीस वर्षं आवक विभागात काढली. तेरा दिवस हे यंत्र मला पत्र पाठवत होतं. कारण लिहून, उपाय लिहून, फाईलच्या पत्त्यासकट. आणि मी प्रत्येक वेळी न उघडता फेकून दिलं. त्या बाईचे डोळे भरले, तरी फेकून दिलं. लाज वाटते.

७.२०.
अर्थात नियम दोनमध्ये किरकोळ दुरुस्ती केली की झालं. नियम एक कायम.

१९ मार्च, बुधवार. सकाळी ९.
सिस्टर परीक्षेला निघाली. मी तिला माझं जुनं शाईचं पेन दिलं. परीक्षा कॉम्प्युटरवर आहे, हे ती गेल्यावर लक्षात आलं.

संध्याकाळी ६.
आली. हिच्याशी बोलली, मी पेपर वाचायच्या निमित्ताने तिथेच होतो. पहिला प्रश्न नेमका रँडमचाच निघाला. आणि हात आपोआप गेला म्हणे, फाईलचं नाव टाकलं रँडम. काकांनी इतकं घोटून घेतलंय की बोटं ऐकत नाहीत. लाल अक्षरं आली. आधी हात पुसायच्या बटणाकडे गेला, मग काकू आठवल्या. शेवटची ओळ वाचली, नाव बदललं. पण घाबरण्यात सात मिनिटं गेली, तिसरा प्रश्न अर्धाच झाला. आता काय होतं ते बघू, म्हणाली.

हे तिने माझ्यादेखत सांगायला नको होतं. पेपर उलटा धरला होता, हेही तिनेच सांगितलं.

नियम एक रद्द.

२४ मार्च, सोमवार. दुपारी ३.
पास! एका गुणाने. १ एप्रिलपासून दिवसपाळी. मुलीला घेऊन आली होती. मुलगी सोफ्यावर उड्या मारत होती, आता आई रोज रात्री गोष्ट सांगणार म्हणे. मला भरून आलं, खरंच आलं. सिस्टर म्हणाली, थँक्यू काका. मी थोडा वेळ 'सर'ची वाट बघितली. मग सिस्टर आणि ही आत गेल्या, त्या तासाभराने बाहेर आल्या. काय शिजलं ते सांगितलं नाही.

२९ मार्च, शनिवार. दुपारी ३.
लिफ्टजवळची माझी सूचना गेली. माझ्याच टाचण्यांवर दुसरी लागली आहे. 'पायथन : अडचणी एकत्र वाचू. शनिवारी ४ ते ६, तिसरा मजला.' अक्षर हिचं. सिस्टरच्या चार मैत्रिणी येणार आहेत, सगळ्यांनाच पाळ्यांतून सुटायचं आहे. सिस्टर शिकवणार, ही लाल अक्षरं मोठ्याने वाचणार. ड्रायव्हरांनी पहिली खुर्ची धरली आहे.

मलाही बोलावणं आहे. मी हिला विचारलं की कुठल्या नात्याने, सल्लागार म्हणून का? ही म्हणाली की येताना वही आणा, आणि चष्मा विसरू नका.

३.४०.
घड्याळ फ्रिजवरून काढून जागेवर लावलं. वेळ कळायला हवी, वर्गाला उशीर बरा दिसत नाही. फ्रेम सध्या फ्रिजवर.

नवी वही काढली. सवयीने वर विषय लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. नुसतं माझं नाव लिहिलं. त्याखाली हुद्दा लिहायची जुनी खोड आहे, ती काही सुटत नाही.

हुद्दा : नवशिका.