छातीवरचा हात

१२ नोव्हेंबर २००४, लक्ष्मीपूजन

देवाची शपथ घेऊन खोटं बोलणारे पुष्कळ पाहिलेत. मी आज देवच खोटा तयार केला!

झालं असं. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात या हंगामाला नायजेरियाचा खेळाडू आलाय. इमेका. उंच, हसरा, माझ्याच वयाचा. संघाच्या जर्सी आमच्या मंजनाच्या कारखान्यातर्फे, म्हणून कप्तान सयाजी त्याला पूजेला घेऊन आला. दुकानात चौरंगावर दरवर्षीसारखा, आज्जानं त्याच्या काळी भरलेला पहिला डबा. हळद, कुंकू, झेंडूचा हार, पुढे चुरमुरे-बत्तासे. आणि डब्यावर आमची छाप — काळंकुट्ट तोंड, जाड लाल ओठ, बटबटीत डोळे, या कानापासून त्या कानापर्यंत पांढरे दात. खाली अक्षरं: हबशी छाप दंतमंजन.

ते तोंड जन्मापासून बघतोय. आज पहिल्यांदा दिसलं, कारण त्याच्यासमोर इमेका उभा होता.

तो बघत राहिला. मग हळूच इंग्रजीत विचारलं, ‘हा कोण?’

मी म्हणालो, ‘आमचा देव.’

निघून गेलं तोंडातून! त्याला पटलं. का पटू नये? आपल्याकडे विडीच्या बंडलावर देव, फटाक्याच्या पुड्यावर देव. आणि हळदीकुंकू तर समोर होतंच. त्यानं हात जोडले, गुडघ्यावर बसून कपाळ चौरंगाला टेकवलं. माझ्या वडिलांना, अप्पांना, भरून आलं. मला म्हणाले, ‘बघ शिवशरणा, परदेशचा हाय, पर रीत कळती त्येला!’ सयाजी तोंडात रुमाल कोंबून हसत होता. मीही हसलो. का हसलो?

१३ नोव्हेंबर

सकाळी खरं सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही.

२८ नोव्हेंबर

इचलकरंजीहून जर्सी आल्या. छातीभर तेच तोंड! मी अप्पांना म्हणालो होतो, नुसतं नाव छापू या. ‘नाव कोण वाचतंय? तोंड दिसाय पायजे की!’ झालं.

वाटताना माझा हात जड झाला होता. इमेकानं मात्र जर्सी कपाळाला लावून घेतली. म्हणाला, तुमचा देव छातीवर, मग गोल कसा होणार नाही?

मी खाली बघून बुटांची खोकी मोजल्यासारखं केलं. लाज म्हणजे काय ते आता जरा कळायला लागलंय.

५ डिसेंबर

पहिलाच सामना. जिंकलो! दोन्ही गोल इमेकाचे. दुसऱ्या गोलनंतर त्यानं जर्सी ओढून वर घेतली आणि त्या तोंडाचा मुका घेतला. स्टेडियम डोक्यावर! समोरच्या पेठेची पोरं रिकामे डबे खडखडवत ओरडत होती, ‘हबशी! हबशी!’ त्याला वाटलं, देवाचा गजर चाललाय. त्यानं दोन्ही हात वर केले, त्यांनाही नमस्कार केला.

सयाजी माझ्या पाठीत बुक्की घालून म्हणाला, ‘आयला, सोताच्याच बापाचा मुका घेतोय की ह्यो!’ आजूबाजूचे सगळे पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. पण गप्प बस रे, असंही म्हणवलं नाही. हसलो नाही म्हणून मी काही साधू होत नाही.

७ डिसेंबर

मुक्याचा फोटो पेपरात. अप्पांनी काचेत मढवून गल्ल्याच्या वर लावलाय. आज्जाच्या फोटोशेजारी!

१६ डिसेंबर

कॉलेजच्या प्राध्यापिका क्रांतीताईंचं पत्र छापून आलंय. हा डबा आमच्या मोरीतही होता, असं लिहून त्या पुढं विचारतात: ‘एका माणसाच्या रंगाची टिंगल करून आपण रोज सकाळी दात घासतो. आता तीच टिंगल त्या पाहुण्याच्या अंगावर चढवली. हे नाव आणि हे चित्र बदलायला कोल्हापूरला किती दिवस लागतील?’

वाक्य चुकीचं असतं तर बरं झालं असतं.

२१ डिसेंबर

रोज पत्रं! कोण लिहितो, आमच्या लहानपणाच्या आठवणी पुसू नका. कोण लिहितो, उद्या काळ्या मसाल्याचं नाव बदला, परवा काळम्मावाडीचं! एक आजऱ्याचा दुकानदार लिहितो, बायका ‘काळ्याचं मंजन’ म्हणूनच मागतात, दुसऱ्या नावानं कोण घेईल? एकानं मात्र क्रांतीताईंच्या बाजूनं लिहिलंय. त्याची मुलगी सावळी आहे, शाळेत तिला डब्याच्या नावानं हाक मारतात. चार ओळींचं पत्र. मी तीनदा वाचलं.

अप्पा जेवले नाहीत. ‘नाव बदल म्हंजी बाप बदल म्हनल्यागत हाय. माझ्या बानं डोक्यावर पाटी घिऊन गडहिंग्लजपातूर इकलंय ह्ये.’ तेही खरंच आहे. अप्पांनी उभ्या जन्मात कुणाला अरे-तुरे केलं नाही. त्यांना त्या चित्रात माणूस दिसतच नाही, आज्जा दिसतो.

मग म्हणाले, ‘उत्तर लिही. ज्येचा अपमान म्हंत्यात त्योच मुका घेतोय, म्हनावं. ह्यो बघा फोटू!’

मी लिहिलं. चांगल्या मराठीत, मुद्देसूद, खाली अप्पांची सही. माझ्या शिक्षणाचा घराला पहिल्यांदा उपयोग झाला. थू!

२ जानेवारी २००५

सांगेन. हा सामना होऊ दे.

१४ जानेवारी, संक्रांत

इमेका ज्यांच्या माडीवर राहतो त्या बनाबाईंकडे तिळगूळ घेऊन गेलो. म्हातारी एकटीच. तिला त्याचा फार लळा. त्याला भाकरी थापायला शिकवते, तोही ‘मावशी, रस्सा दे की’ म्हणण्याइतकं मराठी शिकलाय. तो सरावाला गेला होता, म्हणून मला जरा बरंच वाटलं.

माझ्या हातावर लाडू ठेवताना बनाबाई म्हणाल्या, ‘गोड बोल बाळा. आन कवातरी खरं बी बोल की.’

पेपर वाचला असणार, किंवा कुणी वाचून दाखवला असणार. मी लाडू तोंडात टाकला आणि निघालो. भरल्या तोंडानं बोलायचं नसतं, ही सोय.

२३ जानेवारी

इमेकाचा गोल. पण आज मुका नाही! उजवा तळवा छातीवर सपाट दाबून धरला आणि मान ताठ करून उभा राहिला. शिट्टी होईपर्यंत हात हलवला नाही. सयाजी म्हणाला, ‘शपथ घेतोय गड्या, चषक आणनार म्हनून!’ संध्याकाळपर्यंत गल्लीगल्लीत पोरं गोल मारून छातीवर हात ठेवत होती.

अप्पा तेवढे वैतागले. ‘हात काडाय सांग त्येला. छाप दिसंना!’

१३ फेब्रुवारी

लिहिलं नाही तर झोप लागणार नाही. लिहिलं तरी लागणार नाही म्हणा.

तालमीच्या सभागृहात आज चर्चा ठेवली होती. क्रांतीताई, अप्पा, दुकानदार, वार्ताहर, झाडून सगळी पेठ. क्रांतीताई भांडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘अप्पा, तुमचं मंजन उत्तम आहे. माझी आई दुसरं वापरत नाही. तोंड तेवढं बदला. तुमच्या वडिलांचंच नाव द्या, मी स्वतः दारोदार सांगत फिरेन.’ क्षणभर अप्पांची मान हलली. मी पाहिली! आज्जाच्या नावाचा मंजनाचा डबा. त्यांना ते आवडलं होतं. मी त्या वेळी एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं.

पण मागून कोण तरी ओरडलं, ‘त्या पावण्यालाच इचारा की!’ आणि सगळे इमेकाकडे वळले.

तो उठला. हात छातीवर. इंग्रजीत सावकाश बोलला, क्रांतीताईंनी मराठीत सांगितलं: ‘मला तुमची अक्षरं येत नाहीत. हे तोंड कुणाचं, ते शिवशरणनं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. त्यानं आज इथं सगळ्यांसमोर सांगावं. तो म्हणेल ते मला मान्य.’

मग माझ्याकडे बघत उभा राहिला. रागानं नाही. एसटीच्या फाट्यावर माणूस उभा राहतो तसा, येईल म्हणून.

अप्पाही माझ्याकडे बघत होते. लेक सांभाळून घेणार, ही खात्री तोंडावर. पाठीमागं सयाजी, सगळी पेठ. मी उठून म्हणालो, ‘ही छाप आमच्या घराण्याचं दैवत आहे.’

टाळ्या! शिट्ट्या! अप्पांनी डोळे पुसले. क्रांतीताईंनी पर्स उचलली आणि निघून गेल्या. इमेकानं मान हलवली, ‘ठीक’ म्हणाला, खाली बसला. नाव राहिलं.

नंतर जिलबी वाटली. मला ती खाववेना आणि टाकवेनाही. हात चिकट होईस्तोवर धरून उभा होतो. मी भेकड आहे. हे दुसऱ्या कुणी म्हणायच्या आधी इथं लिहून ठेवतो.

८ मार्च, महाशिवरात्र

उपास. अप्पांनी पूजेला बोलावलं. देवासमोर उभं राहवलं नाही, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. आणखी एक.

१७ एप्रिल

चषक आमचा. इमेका मिरवणुकीत, हात छातीवर. हजारो हात छातीवर. माझा खिशात.

५ मे

इमेका गेला. स्टँडवर मी उशिरा पोचलो. उशिरा पोचावं म्हणूनच रमतगमत गेलो होतो.

७ मे

बनाबाईंकडे गेलो, त्याची जर्सी परत न्यायला. खुंटीवर उलटी करून टांगलेली.

म्हणाल्या, ‘संकरांतीच्या आदीच सांगिटलं मी त्येला. द्येव न्हवं बाबा, तुमा लोकांची टिंगल हाय ती.’

मग सोडून का नाही गेला? खेळला कसा?

‘म्हनला, शिवशरण दोस्त हाय, त्योच सांगंल. रोज सांजचं इचारायचा, मावशी, शिवशरण आलता?’

मी विचारलं, मग छातीवर हात कशाला ठेवायचा?

‘त्ये तोंड झाकाय की रं. आनि कशाला?’