वत्सलाची बेरीज

राजापेठ, अमरावती. शुक्रवार संध्याकाळ, १९६४

वत्सला नोकरी सोडून, लग्न होऊन परतवाड्याला गेली, त्याला आठवडा झाला. कचेरीतलं आकडेमोडीचं यंत्र मात्र अजून तिच्याच शेवटच्या बेरजेवर थांबलेलं. निरोपाच्या गडबडीत दांडा फिरवून आकडे पुसायचं ती विसरली. मीही पुसले नाहीत. आठवडाभर कागदावरच हिशेब केले. वेडेपणाच म्हणायचा. पण यंत्राच्या खिडकीतले ते आकडे दिसले की वाटायचं, पाणी प्यायला उठलीय, येईलच आता.

आज यंत्राला तेल द्यायला रहीमचाचा आले.

"बाई, जुना आकडा कावून ठेवला? नवी बेरीज त्याच्यावरच चढते ना."

"आपोआप नाही जात?"

"नाही जात. हातानंच पुसा लागते."

साहेबांना अकोटच्या कापसाचे आकडे उद्या हवेत. पुसावं की अजून एक दिवस राहू द्यावं? तेवढ्यात चाचांनी दांड्याला हात घातला.

"थांबा चाचा, मी पुसते."

एकच फेरा. सगळी शून्यं.

दुपारी बेरीज झटपट निघाली. सवयीनं मान वळवून म्हटलं, "पाह्य वं, बरोबर आहे का?" शेजारची वत्सलाची खुर्ची रिकामी. कोणी ऐकलं नाही, हे बरं. की बरं नाही?

रविवारी परतवाड्याची मोटार धरते. दारातच ती विचारेल, "कावून आली वं एकटी?"

सांगेन, मले करमत नाही.