खिडकीतली बैठक

४ फेब्रुवारी

ठरलं. हॉलच्या खिडकीखाली बैठक करायची. औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते मी. घरी आल्यावर पाय वर घेऊन बसायला एक जागा हवी — जिथे कुणी ‘जरा सरक’ म्हणणार नाही. नवऱ्याला सांगितलं. ‘कर की,’ म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं. म्हणजे होकार.

५ फेब्रुवारी

खिडकी मोजली. साडेपाच फूट! आडवंसुद्धा होता येईल.

९ फेब्रुवारी

सुतार आले. पिकल्या मिशांचे, मोजकं बोलणारे. मला खुर्चीवर बसवून गुडघ्यापर्यंतची उंची घेतली. जमिनीपासून अठरा इंच, गादी धरून. भिंतीपासून पुढे वीस, म्हणजे मांडी घालता येईल. मग सगळ्यांना तोंड फुटलं. नवऱ्याला खाली खण हवेत, लेकीला पिवळ्या उशा.

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. “खिडकी अडेल,” एवढंच बोलून आत गेल्या.

१० फेब्रुवारी

सासूबाईंना विचारलं, अडेल म्हणजे काय? उघडता येईल, पुसता येईल. त्यांचं एकच पालुपद — आहे ते बरं आहे. डोकंच फिरलं. अकरा वर्षांत या घरात एक खिळा माझ्या मनाने ठोकलेला नाही. भांडी जरा आपटलीच.

१२ फेब्रुवारी

अबोला. नवरा दोघींच्या मध्ये अंग चोरून वावरतोय.

१४ फेब्रुवारी

बैठक किती पुढे येईल ते कळावं म्हणून सुतारांनी जमिनीवर खडूने चौकट आखून दिली. लेक लगेच आत जाऊन बसली. छान दिसतंय. सासूबाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. सोमवारी लाकूड येणार. जिंकले म्हणायचं. वाटत मात्र नाही तसं.

१५ फेब्रुवारी

डोकं ठणकत होतं, दुपारीच घरी आले. सासूबाई झोपल्या होत्या. मीही पडले. उठले तर साडेसहा, माझी रोजची घरी यायची वेळ. हॉलमध्ये आले, तर सासूबाई खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात. खडूच्या रेघेबाहेर उभ्या, टाचा उंचावून, मान ताणून बाहेर बघताहेत. मला मागे पाहून दचकल्याच.

“इथून वळण दिसत नाही गं,” म्हणाल्या. “तू वळणावर दिसलीस की मी चहा टाकते.”

रोज दारात पाय ठेवते तेव्हा चहा उकळत असतो. अकरा वर्षांत एकदाही मनात आलं नाही, कसा काय!

सुतारांना फोन केला. डावीकडचा दीड फूट सोडा म्हटलं. तिथे माणूस उभं असतं.