चंद्रीपुढे पळायचा मान

१२ ऑक्टोबर, रविवार
लग्नानंतरची पहिली दिवाळी सासुरवाडीला, इथे कोल्हापुरात. सासरे बाळासो यांनी पाडव्याला मला मान दिला आहे. त्यांची म्हैस चंद्री मी पळवायची. म्हणजे शिंगं रंगवून, गळ्यात कवड्या घालून तिला रस्त्यावर आणायचं. आपण मोटारसायकलवर पुढे, ती मागे धावत. अख्खं गाव बघायला येतं. लगेच हो म्हणालो. लग्न ठरताना आमच्या कागलच्या घरी चार म्हशी होत्या, असं मी सांगितलं होतं. एकही नव्हती. पण ते फक्त मला माहीत आहे. दहा दिवस आहेत. भीती ही सवय असते. मोडेल.

१३ ऑक्टोबर
यूट्यूबवर म्हशींचे सात व्हिडिओ पाहिले. कॉन्फिडन्स आला. संस्कृती काय म्युझियममध्ये असते? रोज जगायची असते. उद्यापासून जगणार.

१४ ऑक्टोबर, सकाळी ६
गोठ्यात गेलो. चंद्री फुसकारली. बाहेर आलो. तिला सर्दी असावी.

१६ ऑक्टोबर
बायको, स्नेहल, काल म्हणाली, "धार काढा की जरा." म्हटलं, मनगट दुखतंय. आता रुमाल बांधून हिंडतोय. काल उजव्या हाताला होता, आज डाव्या. कुणाच्या लक्षात आलं नाही.

१८ ऑक्टोबर
चंद्रीला लांबून पेंड दाखवली. ती दोन पावलं पुढे आली, मी आठ मागे. शेणात पाय. सासरे म्हणाले, "पावणं, काय अडचण हाय का? असली तर आत्ताच सांगा की." अडचण कसली! म्हटलं, आमच्या म्हशी याहून दांडग्या होत्या. त्यांनी मान डोलावली. विश्वास बसला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
शिंगं रंगवताना दोरी मी धरली. लांबून. दोनदा सुटली. थंडी. करंजी परत डब्यात ठेवली. ताप पाहिला, नाही. दुर्दैव.
खरं लिहायचं तर भयंकर घाबरलोय. म्हैस तुडवील ही एक भीती. खोटं उघडं पडलं तर स्नेहल मला काय समजेल, ही त्याहून मोठी. उद्या गाडी पंक्चर असू शकते. तपासली. हवा उत्तम.

२२ ऑक्टोबर, पाडवा, रात्री
सासऱ्यांनी हाक दिली, चंद्री सुटली. आरशात नुसती शिंगं. गाडी टाकून समोरच्या स्टेजवर चढलो आणि निवेदकाला मिठी मारली. "वाचवा! आमच्याकडं कधीच म्हैस न्हवती!" हे त्याच्या माईकवरून दोन चौक ऐकू गेलं. चंद्री खाली उभी राहून स्टेजचं तोरण खात होती.
सासरे म्हणाले, "कागलचं घर बघाय आलतो तवाच कळलं हुतं. गोठा न्हाई, दावं न्हाई. चार म्हशी काय माळ्यावर बांधलेल्या? तुम्ही कवा खरं सांगताय, वाट बघत हुतो."
स्नेहल हसली नाही. पदर खोचला, गाडी उचलली, चंद्रीला हाक मारली. दोघी सुसाट. शिट्ट्याच शिट्ट्या.
घरी आल्यावर म्हणाली, "दरवर्षी मीच पळवतो हिला. औंदा तुमचा मान म्हणून गप बसलो. मला तरी सांगायचं की."
फार लाज वाटली. म्हणून मोठ्या मनाने जाहीर केलं की, पुढच्या वर्षीचा मान मी तुला देतोय.
ती म्हणाली, "कुणाचा मान कुणाला देताय? म्हैस माझी हाय."