बोकडाला हात नसतो

विंझर, ४ ऑगस्ट १९३६
कापूरहोळपासून बैलगाडीने हाडं खिळखिळी झाली, पण पोचलो एकदाचा! नदीपलीकडे डॉक्टर खांबेट्यांचा ऐसपैस बंगला, गरम पिठलं-भाकरी आणि कारकुनाची नोकरी. नशीब फळफळलं म्हणायचं! सगळं माझ्या वळणदार अक्षराच्या जोरावर. रोजनिशी मात्र चुकवू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलंय.

७ ऑगस्ट
काम असं: डॉक्टर बोकडाला गुंगी देतात, मानेचा मणका उघडून आतल्या मज्जारज्जूवर वजन टाकतात. मग कुठला पाय हलतो ते मी टिपायचं. मान मोडून लुळ्या पडलेल्या माणसांना त्यांना उभं करायचंय. काम थोर आहे, पण टिपताना मी बोकडाच्या डोळ्यांकडे बघत नाही.

१० ऑगस्ट
स्वयंपाकाच्या सारजाबाई धनगर. त्यांच्यात देवीपुढे बोकडावर पाणी ओततात. त्याने अंग झाडलं की देवीने घेतला. आज त्यांनी आमच्या बोकडावर तांब्या ओतला. मानेखाली लुळा पडलेला तो नुसता बघत राहिला. सारजाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “द्येवी बी घेत न्हाई आन् डाक्तर बी सोडत न्हाई. कुठं जावं ह्यानं?” मला भाकरी गेली नाही.

१३ ऑगस्ट
नदीला पूर, होडी बंद. डॉक्टर चिडलेत. बोकडाला हात नसतो, मग बोटांचं कसं कळणार? वानर हवं म्हणतात. पण गाव मारुतीचं, वानराला कोण हात लावू देतंय! जेवताना डॉक्टर माझ्या बोटांकडे बघत होते.

१५ ऑगस्ट
घरी जातो म्हणालो. पूर ओसरू दे म्हणाले, आणि स्वतः दूध आणून दिलं. कडवट लागतंय —

तारीख माहीत नाही
मान बांधलीय. गळ्यातून आवाज निघत नाही. मानेखालचं अंग माझं नाही. उजव्या हाताची बोटं तेवढी — डॉक्टर पेन्सिल देतात. लिही म्हणतात. वाचून खूश होतात.

नंतर
अक्षर बिघडलं. माझं अक्षर. फार भीती वाटते. आई —

आज
बोटांत पेन्सिल देऊन डॉक्टर नदीकडे गेलेत. सारजाबाई आल्या. दारात त्यांचे भाऊबंद. हातात तांब्या. म्हणतात, “दादा, येकडाव अंग झाडा. द्येवीनं घेतल्यालं कुनाला ठिवता येत न्हाई. ही मानसं तुमाला उचलून नेतील.”

पाणी — कपाळावर गार. मानेपर्यंत गार. त्याखाली काहीच नाही —

झाडतोय. मी झाडतोय, बाई. त्यांना वाचता येत नाही. रडतायत. माणसं वळली. थांबा. झाडतोय मी, बघा, झाड