बोटभर वरची रेघ

प्रिय ताई,

आज दवाखान्यात दीड वर्षाच्या एका पोरीला फळीवर आडवं करून मोजलं. वयाच्या मानाने फारच कमी भरली. तिची आई हळूच म्हणाली, "सिस्टर, दोन सेंटिमीटर वाढवून लिहा ना. घरचे मलाच बोलतात."

आणि मला आपल्या स्वयंपाकघराच्या दाराची चौकट आठवली. मी रडू नये म्हणून दर वाढदिवसाला तू पेन्सिल माझ्या डोक्यापेक्षा बोटभर वर धरायचीस. आई कामावरून आली की ती रेघ बघून म्हणायची, "वाढतेय हो धाकटी!" डॉक्टरकडे न्यायचं मग राहूनच जायचं. तू तरी तेव्हा केवढी होतीस गं, जेमतेम आठ-नऊ वर्षांची!

माझी उंची खुंटली ती खुंटलीच. बोलायलाही मी तीन वर्षं लावली. पण तू भांडी विसळताना एकेक भांडं माझ्यापुढे नाचवायचीस, "ही वाटी, हा चमचा आणि ही आमची ठेंगू!" माझा पहिला शब्द 'वाटी' होता. तू गल्लीभर सांगत सुटली होतीस.

त्या आईला मी म्हटलं, "आकडा खराच लिहिते, म्हणजे हिचा आहार आजपासून सुधारता येईल. आणि घरी काम करताना हिच्याशी सारखं बोलत राहा." यातलं पहिलं मला नोकरीने शिकवलं, दुसरं तू.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. वाचलंस तर जन्मभर तुला ती रेघच दिसत राहील. मला मात्र हातात वाटी धरलेली तू दिसतेस.

तुझी, खऱ्या मापाची,
ठेंगू