‘दुपारचं घर’ ऐकू नका

१८ नोव्हेंबर २०२४, मालेगाव (जहांगीर)

पोचलो एकदाचे! मी, आठ महिन्यांची मनू, दोन बॅगा आणि आईने बळेच गळ्यात मारलेली लोणच्याची बरणी. किन्हीराजाच्या कृषी सहायकाची ऑर्डर आली तेव्हा कराडच्या घरात सगळे मोबाइलवर वाशीम शोधत बसले होते, जणू मला चंद्रावर धाडताहेत. नवरा ऋषिकेश भूजला सोलरच्या कंपनीत, सासू-सासरे सांगलीला, मी इथे. संसाराची नुसती बदल्यांची यादी झालीय.

पण घर झकास मिळालं. वरच्या मजल्यावर आम्ही. खाली मालक निजामुद्दीन चाचा, त्यांची बायको बिस्मिल्ला चाची आणि विशीतला मुलगा नोमान. चाचांचं गाद्या-रजयांचं दुकान पुढच्या अंगाला आणि मागे कापसाची खोली, छतापर्यंत गठ्ठेच गठ्ठे. थंडीचे दिवस, त्यामुळे रजयांना मरणाची मागणी आहे. चाचींना बोलता येत नाही. पण मनूला त्यांनी असं काही उचललं की ती माझ्याकडे परत यायला तयार होईना. गद्दार कुठली! चाचा म्हणाले, “तुमी बिनधास्त किन्हीराजाले जा मॅडम, पोरीले हे सांभाळते.” मला रडूच आलं. परक्या गावात एवढं कोण करतं?

आणि शांतता! इतकं शांत घर मी पाहिलेलं नाही. अंगणातली शेळीसुद्धा ओरडत नाही. मनू दुपारची तीन-तीन तास झोपेल.

२६ नोव्हेंबर

आज कळलं की मी एका प्रसिद्ध घरात राहते. पुण्याची दोन मुलं पाठीवर सॅक अडकवून आली, दुकानाच्या शटरचे फोटो काढले आणि कापसाच्या खोलीच्या भिंतीला हात लावून उभी राहिली. नमस्कार तेवढा घालायचा बाकी होता.

भानगड अशी. नोमान आणि त्याचा मित्र हरीओम या दोघांचा बँड आहे, नाव ‘राखुंडी’. (दात घासायची राखुंडी. नाव ठेवायला कुणी मोठं माणूस नव्हतं वाटतं.) तीन वर्षांपूर्वी त्यांनी कापसाच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आणि एक माइक घेऊन ‘दुपारचं घर’ नावाचा अल्बम केला. कापसामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही, म्हणून ती खोली. हरीओमने तो इंटरनेटवर फुकट टाकला. दोन वर्षं चार मित्रांशिवाय कुणी ऐकला नाही. मग शिलाँगच्या कुणीतरी त्यावर पानभर लिहिलं, ते दुसऱ्याने वाचलं, आणि आता जगभरातले लोक रात्ररात्र तो ऐकतात आणि एकमेकांना सांगतात की हा एकट्याने, दार लावून ऐकायचा.

मीही ऐकला. गाणी म्हणावीत असं काही नाही. कापूस पिंजायच्या जुन्या धनुकलीची तार संथ वाजते. नळ ठिबकतो. शेळी ओरडते. आणि एक बाई नोमानला जेवायला हाका मारते, पुन्हा पुन्हा, आणि कुणी ओ देत नाही. इतकी जवळून मारते की मी मागे वळून पाहिलं. ऐकून छाती जड झाली, आणि परत ऐकावंसंही वाटलं.

नोमानला विचारलं, ही बाई कोण? तो उठून गेला.

९ डिसेंबर

मनू आता ‘ब्बा ब्बा’ करते. रडणं तर असं की पार जऊळक्याच्या स्टेशनावर ऐकू जावं. ऋषिकेशने हट्ट धरला की फोनवर नीट येत नाही, चांगलं रेकॉर्ड करून पाठव. घरात कलाकार असताना काळजी कसली, म्हणून नोमानला म्हटलं. त्याने साफ नाही म्हटलं. मी रेकॉर्डिंग सोडलंय ताई, म्हणाला, आणि मनूला त्या खोलीत नेऊ नका. मी चिडवलं, की मोठ्या माणसांचे नखरे! तो हसला नाही.

हरीओम जिन्यात उभा होता. तो मात्र कान टवकारून ऐकत होता. नवीन काहीतरी द्या म्हणून लोकांनी त्याचं डोकं खाल्लंय. “लोकं मांगून राह्यले ताई, अन् हा आयकून नाही राह्यला,” म्हणाला.

२१ डिसेंबर

हरभऱ्याची पाहणी करून संध्याकाळी आले. मनू चाचींच्या मांडीवर होती. तोंड लाल, ओठ उघडे, डोळ्यांतून पाणी. आवाज नाही. मला वाटलं घसा बसला. वाशीमला नेलं. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, मूल ठणठणीत आहे.

चाची माझ्या पायांवर डोकं ठेवून रडत होत्या. त्यांच्याही रडण्याला आवाज नाही.

२४ डिसेंबर

नोमानने सगळं सांगितलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

चाची जन्माच्या मुक्या नाहीत. अल्बममधली ती हाक त्यांचीच. त्या खोलीत जो आवाज रेकॉर्ड होतो त्याची नक्कल होत नाही, तो आवाजच जातो. धनुकली माझ्या हातात देऊन त्याने तार ओढायला लावली. तार थरथरली. ऐकू काहीच आलं नाही. पलीकडे कुणी ते रेकॉर्डिंग वाजवत असेल तोवर आवाज पलीकडे. सगळे थांबले की इथे परत. ऐकणारे चारच होते तेव्हा अम्मी सकाळभर बोलायची. मग दिवसातून एखादा शब्द. आता वर्षभर काहीच नाही.

शनिवारी चाची जरा आडव्या झाल्या आणि हरीओमने रडणाऱ्या मनूला त्या खोलीत नेऊन रेकॉर्ड केलं आणि लगेच इंटरनेटवर टाकलं. तो माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. “मले वाटलं नोमान येडा झाला,” एवढंच म्हणत होता. मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने ट्रॅक काढून टाकलाय. पण लोकांनी आधीच उतरवून घेतलाय.

२८ डिसेंबर

पहाटे मनू रडली! मोठ्याने, भोकाड पसरून! मी तिला उराशी धरून वेड्यासारखी हसत होते. खालून चाची धावत आल्या.

हुंदक्याच्या मध्येच थांबलं. तोंड उघडंच होतं. कुठेतरी कुणीतरी बटण दाबलं.

६ जानेवारी २०२५

अल्बमखाली मी लिहिलं. मी त्या बाळाची आई आहे, हात जोडते, ऐकू नका, असलेलं पुसून टाका, माझ्या मुलीला रडता येत नाही.

हजारोंनी वाचलं. कुणी लिहिलं, अंगावर काटा आला. कुणी लिहिलं, अल्बमचा खरा शेवट हाच. त्यांना वाटतंय ही कथा राखुंडीनेच रचलीय, मी त्यातली एक बाई. ‘माझ्या मुलीला रडता येत नाही’ असं छापलेला टी-शर्ट घालून एक मुलगी आज दारात आली. मनूसोबत फोटो मागत होती.

आता पहाटेही काही येत नाही.

२३ जानेवारी

कराडला जाऊन आले. तिथेही तेच. पळून जायचं तरी कुठे? आवाज या घरात नाहीच, तो त्यांच्या कानात आहे. आईने नवस बोलला. ऋषिकेश म्हणतो, तू थकलीस, भूजला ये. तो चांगला आहे, पण त्याला कळत नाही. परवा त्याने सहज विचारलं, मनूचा तो ट्रॅक मी ऐकला तर चालेल का, आठवण येते.

२ फेब्रुवारी

लिहिलेलं खोटं वाटतं लोकांना. फोनवर रेकॉर्ड करून टाकलं, तेही खोटं वाटलं. त्या खोलीतून बोलले तर शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू जाईल. मग तरी पटेल.

नोमान दारात आडवा उभा राहिला. मी त्याला बाजूला सारलं. काय जाणार ते मला ठाऊक होतं. गेलं तर जाऊ दे. माझं काय, तिचं यावं.

माइकसमोर बसून भीक मागितली. पदर पसरून. मनूचं नाव घेतलं तेव्हा—

९ फेब्रुवारी

सगळ्यात जास्त तेच ऐकतात. आता रोज झोपताना लावतात म्हणे. छान झोप लागते.

ऑफिसात कळवलंय, घसा बसलाय.

मनूला अंगाई म्हणते. ती माझ्या ओठांकडे बघते—

१५ फेब्रुवारी

रांगायला लागली. भराभर. पाठ फिरवायची सोय नाही. पडली तरी कळत नाही. काल खाटेच्या पायाशी कपाळ आपटून किती वेळ रडत होती कोण जाणे. मी पाठमोरी भाकरी थापत होते—

२० फेब्रुवारी, दुपार

वाचा. कृपा करून वाचा. मी वेडी नाही, मला बोलता येत नाही.

माझी मुलगी सापडत नाही. अकरा महिने. पिवळं झबलं, कपाळाला खोक. कपडे वाळत घालून आले तोवर नाही. पायातले वाळे पायरीवर निघून पडलेत. दार उघडं होतं, ते टी-शर्टवाले आले होते. घर पाहिलं, कापूस उपसला, नाही. बाहेर रोड आहे, ट्रक—

हाका मारू नका, ती ओ देणार नाही. डोळ्यांनी शोधा. गटारीत, गाड्यांखाली वाकून बघा.

आणि रडणं ऐकू आलं तर तिकडे धावू नका. मी आत्ता तीनदा धावले. कुणाच्या तरी मोबाइलवर असतं, ती तिथे नसते. जिथे काहीच ऐकू येत नाही तिथे—